घरातील उष्णता-पंप आणि विजेच्या दराची निवड



चंद्रपूरहून ताडोब्याकडे जाणाऱ्या प्रवाशास ऊर्जानगरची उंच धुरांडी बऱ्याच अंतरावरून दिसू लागतात. दुर्गापूरच्या कोळसा खाणी आणि इरई धरणाचे पाणी यांच्या आधाराने येथे महाऔष्णिक विद्युत केंद्र उभे राहिले. पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले. प्रत्येकी २१० मेगावॅटचे पहिले दोन संच आता निवृत्त झाले असून २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच असे सात संच मिळून आज या केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी वसलेल्या वसाहतीला ऊर्जानगर हे नाव मिळाले, ते सार्थच म्हणावे लागेल.

अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न हटकून येतो. वीज आमच्या उशाशी तयार होते, कोळशाची धूळ आणि उन्हाळ्याची काहिली आम्ही सोसतो, मग बिल मात्र इतरांइतकेच का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर व्यवस्थेच्या रचनेत आहे. संचातून निघालेली वीज ऊर्जानगरच्या घरांत उतरण्यापूर्वी राज्याच्या सामाईक जाळ्यात मिसळते. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत जाणारी ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून १,५०० मेगावॅटपर्यंत वीज वाहून नेत आहे. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले, तेव्हापासून वीज निर्माण करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघरी पोहोचविणारी महावितरण या वेगवेगळ्या कंपन्या आहेत. महावितरणचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो आणि तिच्या संपूर्ण क्षेत्रात एका वर्गातील ग्राहकाला एकच दर लागू होतो. सिरोंचाच्या ग्राहकाचा दर ऊर्जानगरच्या ग्राहकाहून निराळा नाही. निर्मितीच्या जिल्ह्यांना काही वेगळी सवलत असावी की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. त्याचा निर्णय होईल तेव्हा होवो. आज हाती असलेल्या दरपत्रकात एका कुटुंबाला काय करता येईल, एवढाच येथील विषय आहे.

हा विषय आताच निघण्याचे कारण घरात शिरलेले एक यंत्र आहे. शास्त्रीय भाषेत त्यास उष्णता-पंप म्हणतात. व्यवहारात त्याची निरनिराळी नावे आहेत. स्वयंपाकघरातील फ्रीज हा उष्णता-पंपच होय. खिडकीत किंवा भिंतीवर बसविलेला एसी हाही उष्णता-पंप आहे. हिवाळ्यात तोच उलटा चालवून खोली उबदार करण्याची सोय असलेले एसी बाजारात मिळतात, आणि याच तत्त्वावर पाणी तापविणारी यंत्रेही मिळतात. विहिरीचे पाणी आपण होऊन वर येत नाही, त्यासाठी मोट किंवा पंप लागतो. उष्णताही आपण होऊन थंड जागेकडून गरम जागेकडे जात नाही. तिला तसे न्यायचे तर शक्ती खर्च करावी लागते. मात्र येथे वीज उष्णता निर्माण करण्यासाठी खर्च होत नाही, आधीच हवेत असलेली उष्णता उचलून दुसरीकडे नेण्यासाठी खर्च होते. म्हणून एका युनिट विजेच्या मोबदल्यात तीन युनिटांच्या आसपास उष्णता इकडून तिकडे जाऊ शकते. लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाने १८५२ सालीच ही कल्पना मांडली होती. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराचे नगरभवन १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातील उष्णता उपसून तापविण्यात आले.

औष्णिक केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांना या तीनाच्या आकड्याचे मोल अधिक चांगले कळावे. कोळसा जळून जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते; उरलेली शीतकरण मनोऱ्यांतून आणि धुरांड्यांतून निघून जाते. ती वीज साध्या गिझरच्या कांडीत घातली की तिची पुन्हा उष्णता होते, म्हणजे कोळशाच्या तीन भागांपैकी एक भाग स्नानगृहात पोहोचतो. त्याच विजेवर उष्णता-पंप चालविला तर गेलेले दोन भाग बाहेरच्या हवेतून जवळजवळ परत मिळतात.

आता दराकडे वळू. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला घरी उष्णता-पंप बसविल्यावर खरोखरच दराची निवड करावी लागते. तेथे अनेक पुरवठादार आहेत आणि एकेका पुरवठादाराची अनेक दरपत्रके आहेत. रात्रीचे सात तास स्वस्त वीज देणारा दर तेथे १९७८ पासून प्रचारात आहे. अलीकडे खास उष्णता-पंप असलेल्या घरांसाठी पहाटे, दुपारी आणि रात्री उशिरा स्वस्त, तर संध्याकाळी महाग असे दर निघाले आहेत. महावितरणच्या घरगुती ग्राहकापुढे असे पर्यायांचे ताट वाढलेले नसते. पुरवठादार एक आणि दरपत्रकही एक. म्हणून येथे निवड करण्यासारखे काहीच नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. येथील निवड अर्जाच्या रकान्यात होत नाही. महिन्याला किती युनिटे जाळली आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जाळली, यावरून ती होते. या दोहोंपैकी किती युनिटे हा भाग फार मोठा आणि कोणत्या वेळी हा भाग बराच लहान आहे. वर्तमानपत्रांतील चर्चा मात्र याच्या अगदी उलट प्रमाणात चालते.

हे आकड्यांनी पाहणे बरे. हिशेबासाठी २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे महावितरणचे घरगुती दर घेऊ. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना प्रतियुनिट ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांना १५ रुपये ७२ पैसे आणि ५०० च्या पुढे १७ रुपये ८१ पैसे असा तो दर होता. त्यानंतर दर बदलले आहेत आणि पुढेही बदलतील. चालू दर ताज्या बिलावरून पाहावेत. टप्प्यांची पद्धत मात्र कायम आहे. स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क या बाबी याशिवाय असतात.

समजा, एखाद्या कुटुंबाचा मे महिन्याचा वापर पंखे, फ्रीज, कूलर, दिवे मिळून २६० युनिटांचा आहे. त्याचे वीज आणि वहन आकार मिळून २,४२१ रुपये ६० पैसे होतात. त्या घरात दीड टनाचा एक एसी आला आणि रोज रात्री पाच-सहा तास चालू लागला. दिवसाला ६ युनिटे धरली तरी महिन्याची १८० युनिटे वाढली. एकूण वापर ४४० युनिटांवर गेला. आता आकार होतो ५,०८० रुपये ८० पैसे. वाढ झाली २,६५९ रुपये २० पैशांची, आणि वीज शुल्क धरल्यास सुमारे ३,०८५ रुपयांची.

येथे पुष्कळ जण एक चूक करतात. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून ते सरासरी दर काढतात आणि एसीचे एक युनिट साडेअकरा रुपयांना पडते असे समजतात. वास्तविक एसीची १८० युनिटे आधीच्या २६० युनिटांच्या डोक्यावर येऊन बसलेली आहेत. त्यांतील ४० युनिटे दुसऱ्या टप्प्यात आणि १४० युनिटे तिसऱ्या टप्प्यात मोजली गेली, म्हणून त्यांचे प्रत्येक युनिट १४ रुपये ७७ पैशांना पडले. यंत्र विकत घेताना, चालविताना किंवा बंद ठेवताना हिशेब या शेवटच्या युनिटांच्या दराने करावयाचा असतो. दुकानदार बचतीचा तक्ता दाखवितो तेव्हा त्यात कोणता दर धरला आहे हे विचारून घ्यावे. सात किंवा आठ रुपये धरले असतील, तर चांगल्या यंत्राची बचत त्याने प्रत्यक्षाहून निम्मीच दाखविली असे समजावे.

याच्या उलट दिशेचाही एक गैरसमज आहे. वापर ३०० च्या पुढे एका युनिटानेही गेला तर सगळी युनिटे वरच्या दराने मोजली जातात, असे गावोगाव सांगितले जाते. घरगुती दराच्या बाबतीत तसे होत नाही. पहिली १०० युनिटे पहिल्याच दराने मोजली जातात, मग वापर कितीही असो.

आता घड्याळाची बाजू. केंद्र शासनाने १४ जून २०२३ रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीच्या दराहून किमान २० टक्के कमी असावा, कमाल मागणीच्या तासांत घरगुती वर्गासह इतर ग्राहकांना तो किमान १.१ पट असावा आणि शेतीखेरीज अन्य ग्राहकांना अशी पद्धत १ एप्रिल २०२५ पासून लागू व्हावी, अशी ही दुरुस्ती होती. तिचे कारण उघड आहे. दुपारी सौर ऊर्जेची वीज विपुल असते, सूर्य मावळताच ती नाहीशी होते आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. ती खिंड भरून काढण्याचे काम ऊर्जानगरसारख्या केंद्रांवर येते. कोळशाचा संच दुपारी मंद करून संध्याकाळी पुन्हा चढविणे यंत्रांनाही सोसत नाही आणि खर्चालाही परवडत नाही. महाराष्ट्रात आयोगाच्या २५ जून २०२५ च्या आदेशाने, १ जुलै २०२५ पासून, वेळेनुसार नोंद घेणारे स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैसे आणि पुढे वर्षागणिक वाढवीत १ रुपयापर्यंत सवलत मंजूर करण्यात आली.

ही सवलत वरील कुटुंबाला किती उपयोगी पडेल? एसीच्या १८० युनिटांपैकी ६० युनिटे दुपारच्या वेळेत वापरली, तर ८० पैशांच्या हिशेबाने महिन्याला ४८ रुपये वाचतात. त्याच घराने एसीचे तापमान २२ ऐवजी २६ अंशांवर ठेवले, तर काय होईल? एक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे प्रतिपादन आहे. म्हणजे १८० युनिटांपैकी सुमारे ४० वाचतील आणि तीही तिसऱ्या टप्प्यातील. रुपयांत ६२८ रुपये ८० पैसे. पंखा मंद चालू ठेवला तर २६ अंशांत झोप चांगली लागते. नव्या यंत्रांत सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवण्याचे बंधन १ जानेवारी २०२० पासून आहे. ते १८ वर नेण्याची हौस मात्र घरोघरी दिसते, आणि खोली त्यामुळे लवकर थंड होते ही समजूतही.

दुपारी सवलत आहे म्हणून खोली आधीच थंडगार करून ठेवावी, म्हणजे संध्याकाळी यंत्र लावावे लागणार नाही, असाही एक सल्ला ऐकू येतो. जाड भिंतींच्या, वर माळा असलेल्या जुन्या घरात तो थोडाफार चालेल. टिनाच्या किंवा उघड्या स्लॅबच्या छताखाली मे महिन्यात तो फसवा आहे. चार वाजता साठविलेला गारवा सात वाजेपर्यंत उडून जातो, आणि त्यासाठी दोन युनिटे जादा गेली तर त्यांचे तीस रुपये पडतात. छताला उन्हाळ्यापूर्वी पांढऱ्या चुन्याचे दोन हात देणे आणि एसीचे बाहेरचे यंत्र पश्चिमेच्या भिंतीवरून काढून सावलीत घेणे, हे अधिक कामाचे.

बाहेरच्या यंत्राचा मुद्दा चंद्रपूरसाठी विशेष महत्त्वाचा आहे. एसीवरील ताऱ्यांचे प्रमाणपत्र वर्षाला १,६०० तासांचा वापर आणि बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश असे धरून काढलेले असते. चंद्रपुरात वैशाखात पारा ४५ च्या वर कित्येक दिवस राहतो. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकी खोलीतील उष्णता तिच्यात ढकलणे यंत्राला जड जाते. म्हणून लेबलावरील युनिटांपेक्षा येथे अधिक युनिटे जातील असे धरूनच चालावे, आणि म्हणूनच अधिक ताऱ्यांच्या यंत्राला येथे पुण्या-नाशिकपेक्षा अधिक अर्थ आहे. वैशाखातील कोरड्या उन्हात मात्र साध्या कूलरला कमी लेखू नये. दोनशे वॅटच्या आतला कूलर दहा तास चालला तरी जेमतेम दोन युनिटे घेतो. जूनच्या सरींनंतर हवा दमट झाली की त्याचा जोर ओसरतो. एसीची खरी पाळी तेव्हा येते. विदर्भातील अनेक सुज्ञ घरांत दोन्ही असतात आणि ऋतू पाहून वापरले जातात. (कूलरला पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढावा, ही सूचना जुनी असली तरी दर उन्हाळ्यात पुन्हा सांगावी लागते.)

एक गोष्ट येथे स्पष्टपणे म्हटली पाहिजे. घरात वृद्ध, आजारी माणूस, बाळंतीण किंवा तान्हे मूल असेल, तर उष्णतेच्या लाटेत टप्प्याचा आणि घड्याळाचा हिशेब बाजूला ठेवावा. उष्माघातापुढे पंधरा रुपयांच्या युनिटाची किंमत ती काय? काटकसर इतर अकरा महिन्यांत करता येते.

टप्प्यांइतकाच ग्राहकाच्या वर्गाचा प्रश्न असतो, आणि तो पंचायत सदस्यांकडे वारंवार येतो. घराच्या ओसरीत शिवणयंत्र, किराणा किंवा शिकवणी चालविणाऱ्या कुटुंबाला घरगुती दराचाच लाभ मिळू शकतो. मात्र महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटांपर्यंत असावा, अशी मर्यादा आयोगाच्या दर आदेशांत आहे. अशा घरात एसी आला की वापर ही रेषा सहज ओलांडतो आणि जोडणी वाणिज्यिक वर्गात जाण्याचा संभव निर्माण होतो. त्यांच्या बाबतीत यंत्राची किंमत आणि त्याची युनिटे एवढाच हिशेब अपुरा आहे; वर्ग बदलल्यास सर्वच वापराचा दर बदलतो. दुकानासाठी वेगळे मीटर घेऊन घराचे घरगुतीच ठेवणे, हा त्यांच्यासाठी बहुधा अधिक सरळ मार्ग ठरतो.

मंजूर भाराचेही तसेच. जुन्या घरांची जोडणी दिवे-पंख्यांपुरती मंजूर झालेली असते. एसी आणि गिझर आल्यावर भार वाढवून घेण्याचा अर्ज करणे ग्राहकाचे कर्तव्य आहे. तो केला नाही, तर मे महिन्यात रोहित्रावर किती बोजा येणार याचा अंदाज कोणालाच राहत नाही आणि वस्तीतील वीज नेमकी रात्री दहा वाजता जाते. एका एसीसाठी तीन-फेज जोडणी घेण्याची मात्र सहसा गरज नसते. तीन-फेजचा स्थिर आकार बराच अधिक असतो आणि तो यंत्र बंद असलेल्या थंडीतही भरावा लागतो.

ज्यांच्या डोक्यावर स्वतःचे छत आहे, त्यांच्यासाठी या साऱ्या हिशेबाला आणखी एक वळण मिळते. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले. एक किलोवॅटचे सौर संयंत्र महिन्याला सरासरी १२० युनिटांच्या आसपास वीज देते. तीन किलोवॅटचे ३६०. वर घेतलेल्या ४४० युनिटांतून ३६० वजा झाली, तर २०२४-२५ च्या दराने ५,०८० रुपयांच्या ठिकाणी ८० युनिटांचे ४७० रुपये उरतात, कारण आधी गळून पडतात ती वरच्या टप्प्यातील महाग युनिटे. पावसाळ्यात उत्पादन घटते, हे ध्यानात ठेवावे. ज्याचा वापर बारा महिने १०० युनिटांच्या आत आहे, त्याला संयंत्राचा लाभ होण्यास बराच काळ लागेल. ज्याच्या घरी एसी आहे, त्याला तो लवकर होईल.

स्मार्ट मीटरविषयी ग्रामीण भागात साशंकता आहे. मीटर वापर वाढवीत नाही किंवा घटवीतही नाही. कोणत्या तासाला किती वीज गेली याची नोंद ठेवतो. ती नोंद मोबाइलवर पाहून रात्रीच्या एसीने किती युनिटे घेतली हे दुसऱ्या सकाळी कळते. नोंद चुकीची वाटल्यास मीटरची तपासणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. तक्रारीचे निराकरण न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, जे मुंबई आणि नागपूर येथे आहेत, असा क्रम आहे. शंका घेणाऱ्याला हसण्यापेक्षा त्याला हा क्रम समजावून देणे शिक्षकांना अधिक साधेल.

शेवटी पाणी तापविण्याचा विषय. घड्याळ आणि यंत्र यांचा खरा मेळ बसतो तो येथेच. शंभर लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढविण्यास साध्या गिझरला सुमारे २.९ युनिटे लागतात. उष्णता-पंपाला त्याच कामास एक युनिटाच्या आसपास पुरते. महिन्याकाठी ५५ ते ६० युनिटांची बचत होते. एकट्या घरासाठी, छत मोकळे असेल तर, छतावरचा सौर बंब याहूनही सोपा आणि स्वस्त. चंद्रपूरच्या उन्हात त्याच्याशी स्पर्धा करणे कठीण आहे. परंतु वसतिगृहे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि विशेषतः गडचिरोली जिल्ह्यातील आश्रमशाळा यांची गोष्ट निराळी आहे. दाट झाडीत, सावलीच्या आवारात सौर बंबाला पुरेसे ऊन मिळेलच असे नाही, आणि चुलाणावर पाणी तापवायचे तर सरपण जंगलातूनच येते.

शंभर मुलांच्या आश्रमशाळेत प्रत्येकी १५ लिटर धरले, तर रोज १,५०० लिटर गरम पाणी लागते. गिझरच्या कांड्यांनी ते तापविण्यास सुमारे ४४ युनिटे जातील. उष्णता-पंपाने १५ च्या आसपास. त्यातही विशेष असे की हे काम पहाटे करण्याची जरुरी नसते. पौष-माघात पहाटेची हवा कडाक्याची गार असते, दुपारची बरीच उबदार. हवा उबदार असताना तिच्यातून उष्णता उचलणे यंत्राला हलके जाते, म्हणून दुपारी १२ ते ४ या वेळेत चालविलेला पंप त्याच पाण्यासाठी कमी वीज घेतो. त्याच वेळी सौर वीजही जाळ्यात भरपूर असते. चांगले वेष्टन असलेल्या टाकीत ते पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत स्नानायोग्य राहते, आणि रात्री वादळवाऱ्याने वीज गेली तरी मुलांची आंघोळ अडत नाही. शासकीय शाळा आणि रुग्णालये यांना घरगुती टप्पे लागू होत नाहीत. सार्वजनिक सेवा हा त्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. मुख्याध्यापकांनी शाळेच्या बिलावर तोच वर्ग लिहिलेला आहे की नाही, हे एकदा पाहून घ्यावे.

खरेदीचा प्रस्ताव करताना लिटरची क्षमता आणि किंमत याच दोन रकान्यांवर थांबू नये. टाकीचे वेष्टन, घड्याळाची कळ, थंड हवेतील आणि उबदार हवेतील कार्यक्षमतेचे वेगवेगळे आकडे आणि दुरुस्ती करणारा माणूस किती अंतरावर आहे, हे विचारावे. अहेरी किंवा भामरागडला नागपूरहून कारागीर यावा लागणार असेल, तर पंपासोबत एक साधी गिझरची कांडी राखीव ठेवणे शहाणपणाचे. या भागातील कूपनलिकांच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी क्षार असतात. ते नळ्यांवर बसले की पंपाची कार्यक्षमता दरवर्षी उतरत जाते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत टाकी उघडून क्षार काढण्याचे काम पुरवठादाराने करावे, अशी अट पहिल्याच करारात लिहून घ्यावी.